ब्रुकग्रीनचे चार दिवस: पुतळे, मगरी आणि बाबांची उघाडी

पहिला दिवस, गुरुवार

आई-बाबांना अमेरिकेत, शार्लटला येऊन पाच आठवडे झाले आणि बाबांची कुरकूर सुरू झाली. मंदिर बघून झालं, मॉल बघून झाले, शेजाऱ्याचं लॉन कापणारं यंत्र तर रोजच बघून होतं. "एवढं गवत कापतात आन् फेकून देतात. एक गाय बांधायला काय होतं?" हे वाक्य मी किमान वीस वेळा ऐकलं. त्यात एप्रिल. गावाला आंबे लागलेले, आणि हा माणूस इथे सुपरमार्केटमधला मेक्सिकोचा आंबा वास घेऊन परत ठेवतोय.

म्हणून चार दिवसांची सहल ठरवली. साउथ कॅरोलायनाचा किनारा, मरेल्स इनलेट नावाचं गाव आणि तिथलं ब्रुकग्रीन गार्डन्स. शिल्पांची बाग आणि वन्यजीवांचं राखीव क्षेत्र, दोन्ही एकाच आवारात. आवार म्हणजे नऊ हजार एकरांहून मोठं. तिकीट एकदा काढलं की सलग सात दिवस चालतं. हे कळल्यावर बाबांनी पहिल्यांदा मान डोलावली. बायकोला सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे निघालो तिघंच. सोबत आईने केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि बेसनाचे लाडू. जवळ्याचा डबा मी तीन पिशव्यांत गुंडाळून डिकीत ठेवला, तरी वास आलाच.

रस्ता कंटाळवाणा. सपाट, दोन्ही बाजूंना पाइन, मधूनच चर्च आणि पेट्रोल पंप. कॉनवे गावात वॅकामॉ नदीवरचा पूल लागला तेव्हा बाबा सरसावून बसले. "पाणी काळं हाय." खरंच, कोऱ्या चहासारखं पाणी. कारखान्याची घाण नव्हे ही. काठच्या दलदलीत पाला-साली कुजतात, त्यांचा अर्क उतरतो. गाळ फारसा नसतो, म्हणून पाणी काळं असूनही स्वच्छ. बाबांना हे पटलं की नाही कळलं नाही, पण पूल संपेपर्यंत मान मागे वळवून बघत होते.

मोटेलच्या खोलीबद्दल न लिहिलेलं बरं. एसीतून थेंब थेंब पाणी गालिच्यावर पडत होतं. तक्रार केल्यावर काउंटरवरच्या मुलाने अत्यंत नम्रपणे एक बादली आणून दिली. रात्री इनलेटच्या काठी मासे खायला गेलो. सगळं तळलेलं, सोबत मक्याच्या पिठाची गोल भजी. इथे त्यांना हशपपी म्हणतात. बाबांनी माशाचा एक तुकडा तोंडात घातला, विचार केला आणि म्हणाले, "जिताड्याची सर नाय." पेणच्या माणसाला जगातल्या कुठल्याही माशाबद्दल एवढंच म्हणायचं असतं. रात्रभर पाऊस पडला. बादली भरली.

दुसरा दिवस, शुक्रवार

हायवे १७ वरून आत वळतानाच दोन घोडे एकमेकांवर उसळलेले दिसतात. मागच्या पायांवर उभे, माना पिळलेल्या, एका घोड्यावरचा उघडा माणूस खाली घसरतोय. ॲना हायट हंटिंग्टनचं हे शिल्प, १९५० सालचं, ॲल्युमिनियमचं. मी गाडी बाजूला घेतली. आई उतरली आणि घोड्यांच्या पोटाखाली वाकून बघायला लागली.

"काय बघतेस?"

"जोड कुठे आहे ते."

इथे सांगायला हवं की आई हमरापूरची. पेणजवळच्या त्या गावात घराघरात गणपतीचे कारखाने. लग्नाआधी सहा-सात वर्षं ती घासकाम करायची. साच्यातून मूर्ती निघाली की दोन अर्ध्यांच्या जोडाची रेघ पॉलिशपेपरने घासून नाहीशी करायची, हे तिचं काम. पुतळा दिसला की तिचा डोळा पहिल्यांदा ती रेघ शोधतो. मी हे विसरलो होतो. खरं सांगायचं तर मला भीती वेगळीच होती, की बागेत निम्मे पुतळे उघडेनागडे असणार आणि आई-बाबांबरोबर ते बघताना माझी पंचाईत होणार.

आत शिरल्यावर पुतळ्यांआधी झाडंच अंगावर येतात. लाइव्ह ओक नावाचा सदाहरित ओक, त्यांची दुतर्फा रांग अठराव्या शतकात लावलेली. खोड वडासारखं जाड, पण पारंब्या नाहीत. फांद्या आडव्या पसरत पसरत जमिनीला टेकायला आलेल्या, आणि त्यांवरून राखाडी झुपके लोंबताहेत. "जटा," आई म्हणाली. यांना स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे आणि स्पेनचंही नव्हे. अननसाच्या कुळातली वनस्पती, झाडाचं रक्त न पिता हवेतल्या ओलाव्यावर जगणारी. फांद्यांच्या पाठीवर मात्र हिरवीगार मखमल होती. ते नेचे. कोरड्या दिवसांत वळून, करपून तपकिरी होतात, मेल्यासारखे. पाऊस पडला की काही तासांत पुन्हा उलगडतात. रात्रीच्या त्या पावसाला मी मोटेलमध्ये शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतल्या.

या बागेची गोष्ट अशी. आर्चर मिल्टन हंटिंग्टन हा रेल्वेसम्राटाच्या घरातला अतिश्रीमंत माणूस, स्पेनच्या भाषा-साहित्याचं वेड असलेला. न्यूयॉर्कमधली हिस्पॅनिक सोसायटी त्याने १९०४ साली काढली. ॲना ही प्राणिशास्त्रज्ञाची मुलगी, लहानपणापासून जनावरांची चित्रं काढणारी. मोठेपणी ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांसमोर बसून मातीचे नमुने करायची. न्यूयॉर्कमधला घोड्यावर बसलेल्या जोन ऑफ आर्कचा १९१५ सालचा पुतळा तिचाच. दोघांचा वाढदिवस १० मार्च. लग्न केलं तेही १० मार्चलाच, १९२३ साली. तिला क्षय झाला, डॉक्टरांनी उबदार हवा सांगितली, म्हणून १९३० मध्ये भाताच्या चार जुन्या मळ्यांची ही जमीन घेतली. आले होते हिवाळ्यापुरतं घर बांधायला, आणि वर्षभरात बाग काढून बसले. १९३१ ला संस्था, १९३२ ला लोकांना खुली. अमेरिकेतली पहिली सार्वजनिक शिल्पबाग. काळ महामंदीचा. शिल्पकारांकडे कामं नव्हती, आणि इथे कोणीतरी पुतळे विकत घेत होतं. मूळ बागेच्या वाटा ॲनाने पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकारात आखल्या. चालताना ते अजिबात कळत नाही. नकाशात बघितलं तेव्हा कळलं.

एडवर्ड मॅकार्टनचा डायोनायसस, ग्रीकांचा मद्यदेव, सोनेरी वर्ख लावून उभा आहे, उन्हात डोळे दिपतात. बाबा म्हणाले, "अंगावर सोनं हाय, कापड नाय." आणि पुढे गेले. संपली माझी पंचाईत. आई मात्र रेंगाळली. ती वर्खाच्या कडा बघत होती.

पॉल मॅनशिपचं एक प्रचंड सूर्यघड्याळ आहे, खाली आयुष्याचा धागा कातणाऱ्या, मापणाऱ्या आणि तोडणाऱ्या तीन नियतीदेवता. सव्वा दहाची वेळ त्याने पावणेदहा दाखवली की आम्हाला वाचता आलं नाही, यावर दहा मिनिटं गेली. कार्ल मिलेसचं काव्यदेवतांचं कारंजं मूळचं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या उपाहारगृहातलं. तिथे लोक सँडविच खात बघायचे. इथे आकाशाखाली त्याच्या आकृत्या पाण्यावरून धावत सुटल्यासारख्या वाटतात. माझं मत विचाराल तर अख्ख्या बागेत हेच एक काम असं आहे ज्यात शिल्पकाराने वजनाची चेष्टा केली आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी वजन जाणवतं. लॉरा गार्डिन फ्रेझरचा ग्रॅनाइटचा पेगॅसस, ग्रीक पुराणातला पंखवाला घोडा, बागेतला सगळ्यात मोठा, पंख, ढग, घोडा सगळं दगडात, आणि त्याच्यासमोर उभं राहिल्यावर मला कौतुकापेक्षा पाठदुखी आठवली. इथला सगळा संग्रह आकृतीप्रधान, माणूस माणसासारखा आणि हरीण हरणासारखं. अमूर्त शिल्पाची आवड असणाऱ्याने फार अपेक्षा ठेवू नये. दोन हजारांहून जास्त कृती आहेत. तीसेक पाहिल्यावर डोळा बधिर होतो, मग झाडं बघावीत.

दुपारी डॉन किहोतेपाशी बसलो, जुन्या स्पॅनिश कादंबरीतला तो वेडा सरदार. ॲनाने १९४७ साली केलेला. हडकलेला घोडा, मान खाली टाकलेली, वर हडकलेला स्वार, भाला हातात. घोड्याच्या बरगड्या मोजता येतात. ही ॲल्युमिनियमची करड्या चमकेची कातडी पावसाने ओली झालेली. जवळच त्याचा सेवक सँको पांझा गाढवावर, तो वेगळ्या शिल्पकाराने, कार्ल पॉल जेनेवाइनने, पुष्कळ वर्षांनी, १९७१ मध्ये केला. आई बराच वेळ घोड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हिने उपाशी जनावर जवळून बघितलंय. कल्पनेने नाय येत हे." आणि बोटाने दाखवलं: घोड्याच्या माकडहाडापाशी, शेपटीच्या दोन्ही बाजूंना जे खड्डे पडतात ते. "आमच्याकडे दुष्काळात बैलाला पडायचे तसे."

थोड्या वेळाने तिने एक प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. आम्ही संगमरवराच्या एका बाईसमोर होतो. "सगळं केलं. नखंसुद्धा केली. मग डोळ्यांत बुबुळं का नाय?" मी ग्रीक, रोमन, परंपरा वगैरे सांगू लागलो, की त्या मूर्ती मुळात रंगवलेल्या असत, रंग उडाला, पुढच्यांनी कोऱ्या डोळ्यांचीच नक्कल केली. तिने ऐकून घेतलं. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर सगळ्यात शेवटी येतो. आखणी होईपर्यंत मूर्ती कच्ची. त्याला मजुरी जास्त, मान जास्त, त्याचा हात चालू असताना बाया बोलतसुद्धा नसत. "म्हणजे यांचा आखणीवाला आलाच नाय," आई म्हणाली. त्यानंतर दिवसभर ती प्रत्येक पुतळ्याचे डोळे बघत फिरली. काहींना बुबुळं होती, खोलगट कोरलेली. ती सापडली की मला हाक मारायची.

तिसरा दिवस, शनिवार

बाबा काल गप्प होते. पुतळे बघितले, बाकावर बसले, मुंग्या बघितल्या. आज त्यांचा दिवस होता, पण ते ना त्यांना ठाऊक होतं, ना मला.

सकाळी सुरुवात लोकंट्री ट्रेल नावाच्या लाकडी वाटेने केली. उतारावरून जाते, खाली सपाट ओलं मैदान, लांबवर झाडांची काळी रेघ. वाटेवर स्टेनलेस स्टीलच्या चार आकृत्या उभ्या आहेत, बॅबेट ब्लॉक या शिल्पकर्तीच्या: मळ्याचा मालक, मुकादम, गुलाम पुरुष, गुलाम स्त्री. आरशासारख्या चकचकीत पत्र्यातून कापलेल्या. समोर उभं राहिलं की त्यांच्या अंगात झाडं दिसतात, गवत दिसतं, आणि नीट कोनात आलं तर आपणही. कालच्या एकाही संगमरवरी देवतेने मला असं थांबवलं नव्हतं.

बाबा मात्र खाली बघत होते. "हे खाचर हाय."

मी म्हटलं, दलदल आहे.

"दलदल काय. तो बघ बांध. तो आडवा. तिथनं काटकोनात वळलाय. आपोआप काटकोन होतो का?"

फलक वाचला. बाबांचं बरोबर होतं. खालचं मैदान म्हणजे भाताचं मोठं शेत. अठराव्या शतकापासून या नदीकाठी सायप्रस नावाच्या झाडांची जंगलं तोडून, मुळं उपटून, मैलोन् मैल मातीचे बांध घालून भातशेती उभी केली ती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी. त्यांतले कित्येक सेनेगल, गँबिया, सिएरा लिओनकडचे, पिढ्यान् पिढ्या भात पिकवणारे. मालकांना सुरुवातीला भातातलं फारसं कळत नव्हतं. कळत होतं ते गुलामांना. १८४० च्या सुमाराला अमेरिकेच्या एकूण भातापैकी जवळजवळ निम्मं भात या एका जॉर्जटाउन परगण्यात व्हायचं. ब्रुकग्रीनचा मालक जोशुआ जॉन वॉर्ड, कॅरोलायना गोल्ड भाताचं लांब दाण्याचं वाण पुढे आणल्याबद्दल नाव झालेला, त्याच्याकडे हजाराहून जास्त गुलाम होते. देशातल्या सगळ्यात मोठ्या गुलाममालकांत त्याची गणना होते.

कामाची पद्धत वाटून दिल्याची होती. शेत पाव पाव एकराच्या तुकड्यांत आखलेलं, आणि एका धडधाकट माणसाचा दिवसाचा वाटा साधारण तेवढा तुकडा. "पाव एकर म्हणजे धा गुंठं," बाबा म्हणाले. "धा गुंठं एका दिसात? एकट्यानं? चिखलात?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

उन्हाळ्यात हिवतापाच्या भीतीने मालक मंडळी समुद्रकिनाऱ्यावर राहायला जात. चिखलात उरत ते मुकादम आणि गुलाम.

आणि मग ती उघाडी दिसली, बांधातलं पाण्याचं दार. इथे तिला राइस ट्रंक म्हणतात. सुरुवातीला सायप्रसचा पोकळ ओंडका बांधात पुरून त्याला बूच मारत, म्हणून खोडावरून ते नाव पडलं. पुढे लाकडाची लांब पेटी झाली, बांधाच्या आरपार, दोन्ही तोंडांना वरून टांगलेली दारं. बाबा पोरासारखे गुडघ्यावर बसले. आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठचं, सगळी खारजमीन. खारबांध घालून भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं आणि पावसाळ्यात शेतात तुंबलेलं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं. त्यासाठी बांधात उघाडी. भरती आली की दार पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला आपोआप उघडतं. बाबांनी तरुणपणी रात्री-अपरात्री कंदील घेऊन उघाडीवर पहारे दिलेत.

"पण हिला दोन दारं का?"

आम्ही दोघांनी मिळून कोडं सोडवलं, म्हणजे बाबांनी सोडवलं. आमच्याकडची खाडी खारी, तिचं पाणी कधीच आत नको, म्हणून दार एका बाजूला. इथे नदीचं पाणी गोडं, पण समुद्र जवळ असल्यामुळे भरती ते गोडं पाणी वर उचलते. शेताला पाणी हवं तर बाहेरचं दार वर ओढून ठेवायचं. भरती आतलं दार ढकलून शेतात शिरते, ओहोटी लागली की आतलं पाणीच आतलं दार मिटवतं. पाणी काढायचं असेल तर उलट, आतलं ओढून ठेवा, बाहेरचं मोकळं सोडा. पंप नाही, रहाट नाही. फक्त चंद्र. हे सांभाळणाऱ्या गुलामाला ट्रंक मायंडर म्हणत. नदीतलं खारं पाणी कधी वर सरकतं हे त्याने ओळखायचं. चुकीच्या भरतीला दार उघडलं तर पीक गेलं.

भारतात तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. बाबांनी काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्या पेटीच्या तोंडाशी धरला. "दिसतंय का? दार लाकडाचंच हाय. दोन्हीकडनं. अरे, आपून पन्नास वर्षं एकीकडनंच राबलो."

आईला तोवर एक टोपली सापडली होती. स्वीटग्रास नावाच्या गवताची, वेटोळी करून शिवलेली, गोल, उथळ, परातीएवढी. "सूप. पण गोल का?" भात पाखडायचंच साधन. शेजारी उभं लाकडी उखळ आणि दोन्ही टोकांनी वापरता येणारं मुसळ. गुलामांच्या वंशजांची इथली गुल्ला-गीची संस्कृती, तिची स्वतःची बोली, स्वतःची गाणी, आणि ही टोपली विणण्याचं काम पश्चिम आफ्रिकेतून आलेलं, अजून चालू असलेलं. हायवेच्या कडेला बाया बसून विकतात. किंमत ऐकून आईने हात मागे घेतला, पण वीण उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "बरोबर आहे किंमत."

बारा वाजता बोटीत बसलो. सपाट तळाची, वर छप्पर. या फेरीचं तिकीट वेगळं. खाडीच्या फाट्यातून तासाभराच्या आत फिरवून आणतात. दोन्ही काठांना जुनी भातशेती, पण ओळखायला बाबांसारखी नजर हवी. यादवी युद्धानंतर फुकटचं मनुष्यबळ गेलं. लुइझियाना-आर्कान्सातल्या कोरड्या, टणक जमिनीवर यंत्रं चालू लागली. इथल्या चिखलात ती रुतत. वर एकापाठोपाठ एक वादळांनी बांध फोडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भात संपलं. मग बांधाच्या खांडींतून पाणी येत-जात राहिलं, लव्हाळं वाढलं, मासे आले, माशांमागे पक्षी. आता तेच राखीव क्षेत्र. ऑस्प्रे नावाचा मोठा शिकारी पक्षी वाळलेल्या सायप्रसच्या शेंड्यावर घरटं करून बसला होता, पंजात मासा. एक मगर बांधाच्या उतारावर, अॅलिगेटर जातीची, रुंद बोथट तोंडाची. नाकपुड्यांपासून शेपटीपर्यंत कोरडी, म्हणजे बराच वेळ पडून असणार. तिच्या पाठीवरच्या खवल्यांच्या रांगांत चिकटलेलं हिरवं डकवीड, पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी पानं, इतकं नीट बसलं होतं की कोणी टाइल्सच्या फटी भरल्यात असं वाटावं. बोट जवळ गेली तेव्हा डोळ्यावरून एक पारदर्शक पडदा आडवा सरकला. बस, तेवढीच हालचाल.

सगळे मगरीचे फोटो काढत होते. बाबांनी माझा दंड धरला. "खांड गेलेली हाय तिथं. बघ. पाणी आतबाहेर करतंय." आमच्या गावच्या खारबांधाला अशाच खांडी गेल्या. आधी दुरुस्ती व्हायची, मग होईना. आमच्या दीड एकरात आता खारफुटी आहे, कमरेच्या वर. तिवरांमध्ये बगळे बसतात. शहरातून कॅमेरे घेऊन माणसं येतात आणि किती सुंदर म्हणतात. बाबा त्यांना चहा पाजतात.

उतरल्यावर प्राणिसंग्रहालय. खरं तर दिवस तिथेच संपायला हरकत नव्हती, पण तिकिटात होतं. इथे बाहेरची जनावरं आणत नाहीत. याच किनाऱ्यावरची, आणि तीही जखमी झालेली किंवा माणसाच्या हाती वाढलेली, जंगलात परत सोडता न येणारी. पंखाने अधू गरुड, घुबडं, कोल्हे. सायप्रसच्या झाडांवर जाळं घालून केलेल्या मोठ्या पक्षिगृहात बगळे-शराटी डोक्यावरून उडतात. आईने ओढणी डोक्यावर घेतली. पाणमांजरांच्या काचेसमोर सगळी लहान मुलं आणि माझे बाबा. लाल लांडगाही आहे. १९८० मध्ये तो जंगलातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं होतं. पिंजऱ्यात वाढवलेले १९८७ पासून नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर सोडले, पण मोकळे उरलेत ते थोडेच. ब्रुकग्रीनही त्यांची वीण वाढवणाऱ्या कार्यक्रमात आहे. आम्हाला झुडपामागे एक कान दिसला. तांबूस, टोकाला काळसर. पंधरा मिनिटं थांबलो. कान तिथेच.

संध्याकाळी पायांवर बारीक बारीक लाल ठिपके. इथे ‘दिसतच नाहीत’ अशा अर्थाच्या नावाच्या माश्या असतात, चिलटांहून बारीक. आईने खोबरेल तेल लावलं.

चौथा दिवस, रविवार

सकाळी मोटेल सोडलं. बादली धुऊन परत दिली.

हायवेच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला हंटिंग्टन बीच स्टेट पार्क. त्याच दांपत्याची जमीन, १९६० पासून राज्याला भाड्याने दिलेली. तिथे त्यांचं हिवाळी घर आहे, अतालाया. स्पॅनिशमध्ये टेहळणीचा बुरूज. १९३१ ते ३३ मध्ये बांधलं, आराखडा कागदावर नाही, आर्चरच्या डोक्यात. मंदीतल्या बेकार गावकऱ्यांकडूनच काम करून घ्यायचं त्याने ठरवलं होतं. चौकोनी, एकमजली, मधे अंगण, अंगणात पाण्याच्या टाकीचा बुरूज, सगळीकडे लोखंडी जाळ्यांच्या खिडक्या. आता आत सामान एक नाही. ओल्या विटांचा वास आणि वटवाघळांची चिरचिर. श्रीमंती दिसत नाही, उलट एखाद्या जुन्या तुरुंगासारखं वाटतं, असं माझं मत. आईला आवडली ती फक्त ॲनाच्या कारखान्याची खोली (स्टुडिओ हा शब्द तिने वापरला नाही). छत उंच, वरून उजेड, आणि बाहेर जनावरं ठेवायच्या जागा. कुत्री, घोडे, अस्वलंसुद्धा समोर ठेवून ती काम करायची. "उजेड वरनं पाहिजेच," आई म्हणाली. "बाजूनं आला की नाक वाकडं होतं."

परत निघताना उद्यानातल्या भरावावरून गाडी जाते. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबू, मगरी दिसतात. डाव्या हाताला गोडं तळं, काठावर दोन मगरी ओंडक्यासारख्या. उजव्या हाताला खारं दलदलीचं रान, ओहोटी लागलेली, चिखलात कालवांचे खडक उघडे पडलेले, त्यांच्यामधून एक पांढरा बगळा पाऊल उचलून उचलून चाललेला. भराव दोन्हीच्या मधे.

बाबा दोन्ही बाजूंनी कठड्यावरून वाकून आले. "इकडं गोडं, तिकडं खारं. हा खारबांध हाय."

"रस्ता आहे बाबा."

"रस्ता वरनं. खालनं खारबांध. मग उघाडी कुठंय?"

मी घड्याळ दाखवलं. चार तासांचा रस्ता, उद्या सोमवार. ते कठड्याला धरून पुढे चालत गेले, दर दहा पावलांना थांबून खाली बघत. मगरी बघायला आलेली एक बाई त्यांच्याकडे, मग खाली पाण्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे बघू लागली.

"भरती लागेपर्यंत थांबू," बाबा लांबूनच ओरडले. "पाणी कुठनं शिरतं ते दिसलं की सापडंल."

आईने डिकी उघडली आणि लाडवांचा डबा काढला.